प्रस्तावना : काम मागणारे आणि माणूस शोधणारे

फोंड्याहून पणजीच्या वाटेला लागले की पहिली मोठी चढण फर्मागुडीची. १९६७ साली सुरू झालेले गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय, २०१६ मध्ये त्याच्याच आवारात तात्पुरता संसार थाटलेली आयआयटी, सरकारी आयटीआय, पदवी महाविद्यालये अशी शिक्षणाची सगळी दालने या एका टेकडीवर आहेत. सकाळी आठच्या सुमारास बसगाड्या इथे अर्ध्याअधिक रिकाम्या होतात. उरलेले उतारू मंगेशी, म्हार्दोळ मागे टाकून कुंडईला उतरतात आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून औद्योगिक वसाहतीतल्या आपापल्या गेटकडे चालू लागतात. शिकण्याची टेकडी आणि कमावण्याचे पठार यांच्यामध्ये बसचे एक छोटे तिकीट आहे. पण टेकडीवरून उतरलेल्या कित्येक मुलांना तेवढे अंतर कापायला चार-चार वर्षे लागतात, आणि कित्येकजण तिथे पोचतच नाहीत.

‘माणसे मिळत नाहीत’ हे वाक्य मी कुंडईत, बेतोड्यात, मडकईत रोज ऐकत आलो. ‘काम मिळत नाही’ हे वाक्य त्याच दिवशी संध्याकाळी वरच्या बाजारात, ढवळीत, शिरोड्यात ऐकत आलो. दोन्ही वाक्ये बोलणारी माणसे खरे बोलत होती. एकाला खोटे ठरवून दुसऱ्याचे ऐकायचे, ही आपल्याकडच्या चर्चेची नेहमीची रीत. मालकांच्या बैठकीत तरुण आळशी ठरतात, तरुणांच्या घोळक्यात मालक लुटारू ठरतात, आणि दोघेही आपापल्या घरी जातात. ही पुस्तिका या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी आहे. आयुष्याची बरीच वर्षे मी मुलाखतीच्या टेबलामागे बसून काढली, म्हणून ही प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी आपला प्रदेश इथवर कसा आला, एवढे वाचकाच्या नजरेसमोर असावे, यासाठी हा खटाटोप.

फोंडा १७६३ मध्ये, डिचोली आणि पेडणे त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. या नव्या काबिजादींत जमिनीची आणि श्रमाची घडी मात्र जुनीच राहिली. भाट भाटकाराचे, त्यात झोपडी मुंडकाराची. नारळ पाडायचे असोत, सुपारी उतरवायची असो, भाटकाराच्या घरी कार्य असो, निरोप आला की मुंडकाराने जायचे. मजुरी मिळे, कधी रोख, कधी धान्यात; पण ‘आज जमणार नाही’ म्हणायची सोय नव्हती, कारण डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या जमिनीवर होते. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला, आणि ही भीती कायद्याने गेली. म्हणजे आपल्या भागात एका मोकळ्या माणसाने दुसऱ्या मोकळ्या माणसाला ‘माझ्याकडे काम कराल का?’ असे विचारण्याची रीत रुजायला लागून जेमतेम पन्नास-साठ वर्षे झाली आहेत. ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याच ‘हो’ला किंमत असते. आपल्याकडच्या कित्येक घरांना, दुकानांना आणि कारखान्यांनाही हे अजून अंगवळणी पडलेले नाही. माणूस बोलवायचा असतो, विचारायचा नसतो, हा जुना संस्कार जाहिरातीच्या भाषेतसुद्धा डोकावतो.

याच काळात दुसरी गोष्ट घडली. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा नेल्या. ज्या घरात कुणी पाटी धरली नव्हती, त्या घरातून शिक्षक, कारकून, तलाठी, परिचारिका निघाल्या. त्या घरांच्या दृष्टीने सरकारी नोकरी ही भाटकाराशिवायची पहिली नोकरी होती. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार, आजारपणात रजा, म्हातारपणी पेन्शन, आणि कुणाच्या अंगणात हात बांधून उभे राहायचे नाही. आजचा तरुण सरकारी नोकरीची वाट पाहतो तेव्हा त्याच्या आजीने पाहिलेली ती मुक्ती त्याच्या मनात असते. त्याला आळशी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एवढा इतिहास ध्यानात घ्यावा.

खासगी क्षेत्रही त्याच दशकांत उभे राहिले. १९७० च्या दशकात उसगावात एमआरएफचा टायर कारखाना आला. नेस्लेने १९९५ मध्ये फोंड्यात आणि १९९७ मध्ये डिचोलीत उत्पादन सुरू केले. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती भरल्या, औषधांचे कारखाने आले. या कारखान्यांत त्या काळी पर्मनंट झालेल्या माणसाने घर बांधले, मुले शिकवली, आणि निवृत्तीला साहेबांच्या हस्ते नारळ घेतला. ‘कंपनीत आहे’ या दोन शब्दांवर लग्ने जमत. तो विश्वास हीच त्या पिढीच्या भरतीची खरी जाहिरात होती.

मग धक्के बसत गेले. सगळ्यांत मोठा खाणींचा. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळे थंडावले. न्यायालयाने बोट ठेवले ते दोष गंभीर होते, याबद्दल दुमत नको. पण नोकरीच्या अंगाने पाहिले तर डिचोली, साखळी, मये, शिरगाव या पट्ट्यात एका रात्रीत काय झाले? ट्रकमालक कर्जात, चालक घरी, बार्जवरचे खलाशी किनाऱ्यावर, गॅरेजवाला, टायरवाला, चहावाला गिऱ्हाइकाची वाट पाहत. पंधरा वर्षे पोकलेन चालवलेल्या माणसाच्या हातात कसब होते, कागद नव्हता. दुसरीकडे अर्ज करायचा तर ‘शिक्षण’ या रकान्यात ‘सातवी’ एवढेच लिहिता येई. डिसेंबर २०२२ च्या लिलावांनंतर खाणी हळूहळू पुन्हा सुरू होत आहेत. मध्ये गेलेल्या दहा वर्षांत त्या माणसाचा मुलगा मोठा झाला, आणि ‘खासगी नोकरी म्हणजे कधीही बंद पडणारी नोकरी’ हा धडा त्याने घरीच गिरवला. उसाच्या बाबतीत तेच. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० च्या सुमारास थांबले, आणि ऊसतोडणीपासून कारखान्याच्या बॉयलरपर्यंतची एक साखळी तुटली.

पेडण्यात चित्र उलटे दिसते. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन त्याच ११ डिसेंबरला झाले. काजू, भात आणि मासळी यांवर जगलेल्या तालुक्यात सुरक्षारक्षक, सामान हाताळणारे, सफाई पर्यवेक्षक, तिकीट खिडकीवरचे कर्मचारी अशा जागा निघाल्या. या जागांना रात्रपाळी आहे, पोलीस पडताळणी आहे, हिंदी-इंग्रजीत चटकन उत्तर देण्याची अपेक्षा आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना यातल्या किती जागा मिळाल्या, हा प्रश्न पेडण्यात आजही तळमळीने विचारला जातो, आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे. जमीन घेताना दिलेला शब्द भरतीच्या वेळी आठवला पाहिजे.

आता आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये गोव्याचा बेरोजगारीचा दर ८.५ टक्के होता, देशाचा ३.२ टक्के. वाचणाऱ्याला वाटेल, गोवा देशातल्या गरीब राज्यांपेक्षाही मागे पडला. तसे नाही. हा दर काम शोधत असलेल्यांचा असतो. ज्याच्या घरात संध्याकाळच्या भाताची भ्रांत आहे तो मिळेल ते काम धरतो आणि बेरोजगारांच्या यादीतून बाहेर पडतो. आपल्याकडे घर स्वतःचे, परसात चार माड, वडिलांची पेन्शन, एखादा काका जहाजावर किंवा आखातात. त्यामुळे पदवीधराला हवी तशी नोकरी मिळेपर्यंत थांबता येते. थांबण्याची ऐपत आहे म्हणून आकडा फुगतो. मात्र या थांबण्याची किंमत मोठी आहे. बावीसाव्या वर्षी पदवी घेतलेली मुलगी सव्वीसपर्यंत परीक्षाच देत राहिली, तर हाताला लागायची ती सवय, वेळेवर पोचणे, चूक झाली की कबूल करणे, वरिष्ठाशी वाद घालून पुन्हा एकत्र काम करणे, हे सगळे मागे पडते. ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

आणि या थांबलेल्या रांगेभोवती दलाल घुटमळतात. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे गोव्यात एकामागून एक उघडकीस आली. फोंड्यातही तक्रारी नोंदल्या गेल्या. फसलेल्यांनी सोने मोडले होते, कर्ज काढले होते. २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला, ‘क’ गटाच्या जागांसाठी संगणकावर परीक्षा सुरू झाल्या, हे चांगलेच झाले. पण आईबापांनी मनातून वशिला काढून टाकल्याशिवाय कुठलाही आयोग पुरा पडणार नाही. पैसे देऊन मिळणारी नोकरी मुळात कुणा दुसऱ्याच्या मुलाची असते.

खासगी बाजूचे दुखणे वेगळे आहे, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजे. एका मुलाखतीची आठवण सांगतो. फिटरचा आयटीआय केलेला, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा समोर बसला होता. वडील पूर्वी खनिजाच्या ट्रकवर. मोजमापाची, बेअरिंगची, लेथची सगळी उत्तरे त्याने अचूक दिली. शेवटी मी रिवाजाप्रमाणे म्हणालो, ‘तुला काही विचारायचंय?’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘सर, ब्रेक किती महिन्यांनी?’

पगार त्याने विचारला नाही. कारण त्याला ठाऊक होते. बारा महिन्यांत कामाचे २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचे काही संरक्षण मिळू लागते. म्हणून कित्येक ठिकाणी सहा-सात महिन्यांनी कंत्राटदार माणसाला ‘ब्रेक’ देतो, पंधरा दिवस घरी बसवतो आणि नव्या नावाने पुन्हा घेतो. मशीन तेच, गेट तेच, हजेरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ज्या कारखान्यात माझे काम चालले होते तिथेही हेच होते, आणि त्या मुलाच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊ शकलो नाही. तो कामावर आला नाही. त्यानंतर ‘आजकालची मुले टिकत नाहीत’ हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघाले नाही. आपण टिकू दिले नाही तर ती टिकणार कशी?

मुलींची अडचण याहून साधी आणि याहून बिकट आहे. औषध कारखान्यांत पॅकिंग, तपासणी, प्रयोगशाळा या कामांत आपल्या मुली तरबेज आहेत. दुसरी पाळी रात्री सुटते. त्या वेळी बेतोड्याहून किंवा मडकईहून गावात जाणारी बस नसते. कंपनीची गाडी हमरस्त्यावर सोडते. तिथून वाडा आतल्या वाटेवर दोन किलोमीटर. आई एक दिवस न्यायला येते, दोन दिवस येते, तिसऱ्या आठवड्यात म्हणते, ‘पुरे झाली नोकरी.’ कारखान्याच्या नोंदवहीत कारण लिहिले जाते : वैयक्तिक. खरे कारण आहे बस.

मग परप्रांतीयांचा प्रश्न. मे २०२४ मध्ये गोव्यातल्या औषध कारखान्यांसाठीच्या मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्याच्या जाहिराती झळकल्या, गदारोळ झाला आणि कंपन्यांना पाऊल मागे घ्यावे लागले. त्या रागामागचे दुःख खरे होते. गोव्याची जमीन, गोव्याचे पाणी, आणि मुलाखत मात्र दुसरीकडे, हे कुणालाही लागणारच. पण कायद्याने राखीव जागा ठेवून हे सुटेल असे वाटत असेल, तर हरियाणाकडे पाहावे. तिथल्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी घटनाबाह्य ठरवला. शिवाय आपली सीमा कागदावर आहे, नात्यांत नाही. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची मुले पहाटे मोटारसायकलने पत्रादेवी किंवा दोडामार्ग ओलांडून आपल्या कारखान्यांत येतात, संध्याकाळी घरी जातात. २०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली तेव्हा त्यांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. आपली मुले तरी कुठे घरी राहिली? केरीच्या केसरबाई, मंगेशीचे दीनानाथ कलेच्या बळावर बाहेर गेले, तिथे मोठे झाले. स्थानिकाला पहिली संधी मिळालीच पाहिजे, आणि ती मिळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मुलाखत फर्मागुडीच्या टेकडीवर घेणे, शेवटच्या सत्राच्या आधी घेणे, आणि काय येत नाही ते शिकवण्याची तयारी ठेवून घेणे.

शिकवण्याची तयारी हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि तो मला कारखान्यात नव्हे, कुळागरात उमगला. सावईवेऱ्याच्या बाजूला एका कुळागरात नारळ पाडायला पाडेली मिळत नाही म्हणून मालक हवालदिल झाले होते. वाळके नारळ आपोआप पडत, शेजारच्या कौलांची वाट लागे. शेवटी साठी ओलांडलेला एक पाडेली आला. पायांत दोरीचे वेटोळे, कमरेला कोयता, आणि बघता बघता शेंड्यावर. उतरल्यावर चहा घेताना मी विचारले, मुलगा का चढत नाही? तो म्हणाला, ‘माडाला तो भीत नाही. पडल्यावर कोण बघणार, त्याला भितो.’ पुढे त्याच वाडीत दोन तरुण शिडीच्या यंत्राने चढताना पाहिले. नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढण्याचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, त्यात यंत्र आणि अपघात विमा दोन्ही होते. तोच माड, तेच नारळ. काम बदलले नव्हते. कामाभोवती शिक्षण, हत्यार आणि विम्याचा कागद आला होता. म्हणून तरुण चढले.

आज कायदाही याच दिशेने सरकतो आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तीपत्र देणे आता बंधनकारक आहे, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ चा, म्हणजे गोवा मुक्तीच्याच वर्षाचा. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनाने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेतलेच पाहिजेत. जर्मनीत शाळा आणि कारखाना यांत आठवडा वाटून मुले कारागीर होतात, त्याचे कौतुक आपण भाषणांतून करतो. तसे करण्याचा कायदा आपल्या कपाटात साठ वर्षे आहे. संहितांबद्दल कामगार संघटनांच्या शंका आहेत, त्या रास्त आहेत, आणि पुढच्या एका प्रकरणात त्यांची सविस्तर चर्चा येईल. पण नियुक्तीपत्राबद्दल कुणाचीच तक्रार असू नये.

पुढील प्रकरणांत अर्ज कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी आणि कशी घ्यावी, कंत्राटी नोकरीत कोणते कागद मागावेत, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कसा तपासावा, मोबाईलवर आलेल्या नोकरीच्या संदेशातली फसवणूक कशी ओळखावी, याची माहिती आहे. ती तरुणांनी वाचावीच, पण मालकांनी आधी वाचावी, अशी माझी विनंती आहे.

कारखानदार मित्रांनो, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पगार, पाळी, मुदत आणि सुट्टी लिहिलेला कागद हातात द्या, आणि त्याला शिकवायला एक जुना कारागीर नेमून द्या. आणि फर्मागुडीच्या टेकडीवर शिकणाऱ्या मुला-मुलींनो, सरकारी परीक्षा जरूर द्या, पण निकालाची वाट रिकाम्या हातांनी पाहू नका. मुलाखतीच्या टेबलावर ‘ब्रेक किती महिन्यांनी?’ हा प्रश्न निर्भयपणे विचारा. तुमच्या आजोबांना तो विचारता आला नव्हता.